आफ्टर इफेक्ट्समधील साइन एक्सप्रेशन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

टांगलेला दिवा, पाण्यात डोलणारी वनस्पती, उभ्या पात्राचा संथ श्वास अशा न थांबणाऱ्या हालचालींसाठी आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मी पूर्वी दोन टोकांना कीफ्रेम (ठरावीक क्षणी नोंदवलेले मूल्य) देऊन त्यावर लूपआउट (तीच हालचाल पुन्हापुन्हा चालवणारी आज्ञा) लावत असे. काम निभावत असे, पण झोका थोडा रुंद करायचा झाला की एकेक लेअर (चित्राचा स्वतंत्र थर) उघडून प्रत्येक कीफ्रेम दुरुस्त करावी लागे. गेले आठ महिने अशा सर्व ठिकाणी मी साइनचे एक्सप्रेशन, म्हणजे गुणधर्माचे मूल्य गणिताने काढणारी कोडची छोटी ओळ, वापरत आहे.

सूत्र लहानसे आहे. सेकंदांतील वेळेला वारंवारतेने (दर सेकंदाची आवर्तने) आणि दोन पायने गुणायचे, त्याची साइन घ्यायची, तिला आयामाने (मध्यापासून टोकापर्यंतचा झोका) गुणायचे आणि आलेली संख्या त्या गुणधर्माच्या मूळ व्हॅल्यूमध्ये मिळवायची. हे शेवटचे मिळवणे पोझिशनच्या बाबतीत राहून गेले, तर लेअर आपली जागा सोडून कॉम्पोझिशनच्या, म्हणजे दृश्याच्या चौकटीच्या, डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ जाऊन डोलू लागतो. आयाम आणि वारंवारता या संख्या मी आता एक्सप्रेशनमध्ये थेट लिहीतच नाही. एका नल लेअरवर (स्वतः न दिसणारा लेअर) दोन स्लायडर कंट्रोल (संख्या कमीजास्त करण्याची सोय) ठेवून सगळे लेअर पिकव्हिपने (ओढून जोडणी करण्याचे साधन) त्यांना जोडतो.

खरी गंमत मात्र फेजमध्ये, म्हणजे आवर्तन किती आधी वा उशिरा सुरू होते त्यात, आहे. नऊ तुकड्यांचा एक मासा मी डोक्यापासून शेपटीपर्यंत पेरेंटिंगने (एक लेअर दुसऱ्याच्या हालचालीला बांधणे) जोडला होता. प्रत्येक तुकड्याच्या रोटेशनमध्ये वेळेतून लेअरच्या क्रमांकाची ०.०८ पट वजा केली आणि सगळे शरीर एकदम जिवंत झाले, कारण प्रत्येक तुकडा पुढच्यापेक्षा किंचित उशिरा वळू लागला. वजाच्या जागी अधिक चिन्ह पडले, तेव्हा लाट शेपटीकडून डोक्याकडे धावू लागली आणि मासा कोणीतरी मागे ओढल्यासारखा दिसू लागला. पेरेंटिंगमुळे वरच्या तुकड्यांचे वळण खालच्यांत साठत जाते, त्यामुळे एकेका तुकड्याचा आयाम मला अंदाजापेक्षा बराच कमी, जेमतेम ४ अंश, ठेवावा लागला. क्रमांकावर विसंबताना आणखी एक काळजी घ्यावी : दोन तुकड्यांच्या मध्ये दुसराच लेअर शिरला की क्रमांक सरकतात आणि लाटेत खंड पडतो.

ज्या अडचणीने माझे जवळजवळ दोन दिवस घेतले, ती वारंवारतेच्या स्लायडरला कीफ्रेम देण्याची. दिव्याचा झोका दहाव्या सेकंदाला जलद व्हावा म्हणून मी १० ते ११ सेकंदांत वारंवारता १ वरून २ वर नेली आणि त्या एका सेकंदात दिवा अक्षरशः थरथरला. कारण गुणाकारातच आहे. दहाव्या सेकंदाला वेळ गुणिले वारंवारता १० येते, अकराव्याला २२ येते. म्हणजे जिथे दीड आवर्तन हवे तिथे बारा आवर्तने होतात. हाच बदल साठाव्या सेकंदाला केला, तर एका सेकंदात बासष्ट आवर्तने होतील. प्रत्येक फ्रेमची वारंवारता सुरुवातीपासून बेरजेत घेणारे एक्सप्रेशन लिहिता येते आणि त्याचे उत्तर बरोबर येते. मात्र प्रत्येक फ्रेमला ती बेरीज पुन्हा होत असल्याने लांब कॉम्पोझिशन जड होते. म्हणून मी वेगळा मार्ग धरला : आवर्तनांचीच संख्या एका स्लायडरवर ठेवतो, तिच्या कीफ्रेम देतो आणि एक्सप्रेशनमध्ये वेळ गुणिले वारंवारतेच्या जागी तो स्लायडर जोडतो. आलेखाचा चढ जितका तीव्र, तितका झोका जलद, आणि धक्का कुठेच बसत नाही.

लूप जुळवण्याचे काम साइनने फारच सोपे केले. चार सेकंदांच्या लूपमध्ये ०.५ आणि ०.७५ वारंवारतेच्या दोन साइन मिळवल्या, तर एकीची दोन आणि दुसरीची तीन आवर्तने पूर्ण होतात. शेवट सुरुवातीला बिनचूक मिळतो आणि हालचाल घड्याळाच्या लंबकासारखी एकसुरीही वाटत नाही. विगल या यादृच्छिक हालचाल देणाऱ्या एक्सप्रेशनची अनियमितता यात येत नाही, पण नेमकी पुनरावृत्ती हवी असेल तिथे मी साइनच घेतो.

उसळणाऱ्या चेंडूसाठी मात्र मी तिची शिफारस करणार नाही. साइनचे केवळ मूल्य घेऊन कमानी मिळतात, पण जमिनीजवळ येताना वेग जवळजवळ स्थिर होतो, खरा चेंडू तिथेही वेग घेतच असतो, आणि त्यामुळे चेंडूचे वजन जाणवत नाही. पात्राचा मुख्य अभिनयही मी हातानेच कीफ्रेम करतो.

काम दुसऱ्याकडे सोपवताना एक्सप्रेशनचे कीफ्रेममध्ये रूपांतर करता येते, पण मग दर फ्रेमला एक, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबाने दहा सेकंदांत सुमारे २५० कीफ्रेम पडतात आणि पुढे आयाम बदलणे दुरापास्त होते. म्हणून रूपांतरापूर्वीची प्रत मी स्लायडरसह वेगळी जपून ठेवतो.