जेएमएल आणि ओपनजेएमएल: काही महिने वापरल्यावर

आमच्या ठेव-खात्यांच्या जावा कोडमध्ये जेएमएल, म्हणजे जावा मॉडेलिंग लँग्वेज (कोडने काय पाळायचं त्याच्या अटी लिहायची भाषा), घालून बरेच महिने झाले. तपासणीला ओपनजेएमएल, म्हणजे कोड त्या अटी पाळतो का हे तो न चालवताही सिद्ध करू पाहणारं साधन. निकाल आधीच सांगतो: पैसे हलवणाऱ्या मोजक्या क्लासेससाठी ठेवणार, बाकी कोडला लावणार नाही.

सुरुवात सोपी. अटी कॉमेंटमध्येच लिहायच्या, फक्त दोन तिरक्या रेघांना चिकटून ॲटचं चिन्ह. नेहमीचा कंपायलर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे टीममध्ये कुणाची बिल्ड अडली नाही. बोलावणाऱ्याने काय पाळायचं ते 'रिक्वायर्स', मेथडने काय द्यायचं ते 'एन्शुअर्स', ऑब्जेक्टबद्दल कायम खरं असायला हवं ते 'इन्व्हेरियंट'. मूळ कल्पना बर्ट्रांड मेयर यांच्या आयफेल या भाषेतली.

पैसे वसूल झाले ते इनहेरिटन्सपाशी, म्हणजे एका क्लासवरून दुसरा (सबक्लास) बेततो तिथे. मूळ 'खाते' क्लासमध्ये पैसे काढायच्या मेथडवर अट होती: शिल्लक पुरेशी असेल तर रक्कम वजा होणारच. मुदत ठेवीचा क्लास त्याचाच सबक्लास, आणि तिथे मुदतीआधी काढायला गेलं की एक्सेप्शन. जेएमएलमध्ये वरच्या क्लासच्या अटी सबक्लासला आपोआप लागू होतात. 'ऑल्सो' लिहून भर घालता येते, सुटका नाही. ओपनजेएमएलने नेमकं तिथेच बोट ठेवलं. युनिट टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या, कारण प्रत्येक क्लासची टेस्ट त्याच्यापुरती. (लिस्कोव्हचं तत्त्व, म्हणजे मूळ क्लासच्या जागी सबक्लास ठेवला तरी काही बिघडू नये, हे मुलाखतीत सगळे घडाघडा म्हणतात.) शेवटी पैसे काढणं मूळ क्लासमधून उचलून वेगळ्या इंटरफेसमध्ये नेलं.

जमा करायच्या मेथडवर पहिली तक्रार आली ती बेरीज 'लाँग' या पूर्णांक प्रकाराच्या मर्यादेबाहेर जाईल याची. एवढे पैसे कुणाकडे असणार, असं म्हणून चालत नाही. कमाल रक्कम अटीत लिहीपर्यंत ओपनजेएमएल गप्प बसत नाही. 'असाइनेबल' (मेथड काय काय बदलू शकते त्याची यादी) लिहिलं नाही तर मेथड काहीही बदलू शकते असं ते धरतं, आणि मग पुढचं काहीच सिद्ध होत नाही.

लूप म्हणजे डोकेदुखी. लूप इन्व्हेरियंट, म्हणजे लूपच्या प्रत्येक फेरीत खरी राहणारी अट, हाताने लिहावा लागतो, नाहीतर लूप संपल्यावर काय खरं उरलं हे त्याला कळत नाही. व्याजाच्या छोट्याशा लूपवर कोडपेक्षा अटीच जास्त झाल्या. त्यात गुणाकार-भागाकार आला की आतला सॉल्व्हर (अटी गणिताने सिद्ध करणारा प्रोग्रॅम) रेंगाळतो, टाइमआउट होतो. तिथे सिद्धतेचा नाद सोडला आणि अटी प्रोग्रॅम चालताना तपासायला लावल्या, तेही फक्त टेस्ट सर्व्हरवर.

एवढा खटाटोप कशाला, असं सहकारी विचारतात तेव्हा टिमसॉर्टचं उदाहरण देतो. जावाच्या लायब्ररीतलं, जगभर वापरलेलं सॉर्टिंग. त्यातला इन्व्हेरियंट प्रत्यक्षात टिकत नाही हे २०१५मध्ये 'की' या जेएमएलवरच चालणाऱ्या साधनाने तपासताना उघड झालं.

आमची रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात, म्हणून निभावलं. तुमच्याकडे बिगडेसिमल (जावाचा दशांश संख्यांचा क्लास) असेल तर आधी एकच क्लास घेऊन बघा. लायब्ररीच्या ज्या मेथडवर अटी लिहिलेल्या नाहीत, तिच्या अटी तुम्हालाच लिहाव्या लागतात.