स्क्रीनवाला टॅब्लेट की बिनस्क्रीनचा

कागदावर हात बसलेल्या माणसाला, संगणकावर चित्रं काढायचा बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट पहिल्या दिवशी नकोसा वाटतो. हात टेबलावर, नजर मॉनिटरवर, आणि साधा माठाचा गोल काढायला घेतला तरी शेवट सुरुवातीला येऊन मिळत नाही. मला हात बसायला तीन आठवडे लागले. रोज अर्धा तास नुसत्या रेघा आणि गोल. त्यानंतर मात्र आपण पेनकडे बघत नाही, हे लक्षातही राहत नाही.

त्या तीन आठवड्यांत एक दोष मी उगाच हाताला देत होतो. माझ्या टॅब्लेटच्या चित्राच्या भागाचं रुंदी-उंचीचं प्रमाण १६:१० आणि मॉनिटरचं १६:९. ड्रायव्हर, म्हणजे टॅब्लेट चालवणारं संगणकातलं सॉफ्टवेअर, सगळा टॅब्लेट सगळ्या मॉनिटरवर ताणून बसवतो, त्यामुळे नीट काढलेला गोलही समोर आडवा पसरतो. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो. तो आधी चालू करा, मग सरावाला बसा.

स्क्रीनवाल्याला हा काळ लागत नाही. पेन टेकतं तिथेच रेघ उमटते. केसांच्या बटा, पैठणीचे काठ, असलं बारीक इंकिंग, म्हणजे कच्च्या चित्रावर पक्क्या रेघा ओढणं, त्यावर माझं झपाझप व्हायचं, हे मान्यच करायला हवं. काच आणि डिस्प्ले मधे फट न ठेवता चिकटवलेले, म्हणजे लॅमिनेटेड असतील, तर पेनाचं टोक आणि रेघ यांत अंतरही फारसं जाणवत नाही. घ्यायचाच असेल तर तसाच घ्या. एवढं सगळं असून दीड वर्षानं मी तो टेबलावरून उतरवला, तो केबलपायी.

माझ्या टॅब्लेटची केबल एका टोकाला एकच आणि दुसऱ्या टोकाला तीन फाटे फुटलेली: चित्रासाठी एचडीएमआय, पेनासाठी यूएसबी आणि विजेसाठी आणखी एक. ती टॅब्लेटच्या कडेला खोचायची. लांब रेघ ओढताना मला टॅब्लेट थोडा तिरका करायची सवय आहे, कागदही मी तसाच फिरवतो. तिरका केला की केबल किंचित ओढली जायची आणि स्क्रीन दोन सेकंद काळी. तेवढ्यात विंडोजला वाटायचं दुसरा मॉनिटर गेला, आणि सगळ्या खिडक्या लॅपटॉपवर जाऊन पडायच्या. स्क्रीन परत यायची, पण पेनाची जागा चुकलेली असायची. मी टॅब्लेटवर रेघ ओढतोय आणि बाण लॅपटॉपवर धावतोय. मग ड्रायव्हर उघडा, मॉनिटर पुन्हा निवडा, खिडकी ओढून आणा, अर्धी रेघ पुसा. गणपतीच्या दिवसांत दिवाळी अंकाची चित्रं द्यायची घाई असते, तेव्हा हे दिवसातून आठ-दहा वेळा झालं. केबल बदलली. चार महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. माझ्याच वाट्याला ढिला पोर्ट आला असेल, कारण एक मित्र तसाच टॅब्लेट तीन वर्षं बिनतक्रार वापरतोय. पण चेहऱ्याची बाह्यरेषा एका दमात ओढायची असते, ती मधेच तुटली की पुन्हा तशी येत नाही.

बिनस्क्रीनच्याला एक यूएसबी केबल. निघाली तर खोचायची, पुढे चालू. समोरचं काही हलत नाही. वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम होतं.

काही स्क्रीनवाले एकाच यूएसबी-सी केबलवर चालतात. तो मार्ग घेणार असाल तर लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून चित्र बाहेर जातं का, हे आधी तपासा. सगळ्याच पोर्टांतून जात नाही.

मानेचंही सांगायला हवं. स्क्रीनवाल्यावर तासन् तास खाली वाकून बसायचो आणि संध्याकाळी खांदे भरून यायचे. आता नजर समोर असते. शिवाय रंगवताना स्वतःचाच हात चित्रावर येत नाही, पूर्ण चित्र दिसत राहतं. आणखी एक सोय दुकानात कुणी सांगत नाही: पेन्सिलचं कच्चं चित्र बिनस्क्रीनच्या टॅब्लेटवर ठेवून वरून गिरवता येतं, पातळ कागदाआडूनही पेन ओळखलं जातं.

पेन हाताचा दाब किती बारकाईनं ओळखतं त्या दाबाच्या पातळ्या ८१९२ की १६३८४, यावर फार वेळ घालवू नका. माझ्या हाताला फरक कळला नाही. अगदी हलक्या स्पर्शाला रेघ सुरू होते का, हे बघा. पेन चार्ज करायची कटकटही आता बहुतेकांत नाही. वॅकॉम कंपनीच्या पेनाला ऊर्जा टॅब्लेटकडूनच मिळते, आणि ह्युऑन, एक्सपी-पेन यांचीही बिनबॅटरीची पेनं आहेत. देवनागरी अक्षरलेखनासाठी पेनाचा कल ओळखणारा महागडा टॅब्लेट लागतोच असं नाही. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात चपटा ब्रश घेऊन कोन पक्का करा. तयार कॅलिग्राफी ब्रश बहुधा रोमन अक्षरांच्या कोनाचे असतात, तो कोन उलटवला की बोरूचं वळण येतं.

प्रवासात, झाडाखाली बसून काढायचं असेल तर आयपॅड आणि त्यावरचं चित्रांचं अॅप प्रोक्रिएट. तो वेगळा हिशोब आहे.

बिनस्क्रीनचा घेताना आकार मध्यम घ्या. मोठ्या मॉनिटरसमोर लहान टॅब्लेट ठेवला की बोटभर हालचालीत रेघ वीतभर धावते आणि सगळं काम मनगटावर येतं. निबांचं, म्हणजे पेनाच्या बदलत्या टोकांचं, एक जादा पाकीट सोबतच मागवा. खरखरीत पृष्ठभाग निब खातो. माझा पाच महिन्यांत एका बाजूनं झिजून पटाशीसारखा धारदार झाला होता. तो वेळेत बदलला नाही तर टॅब्लेटवर ओरखडे उठतात. आल्या दिवशीच पट्टी ठेवून चारही कोपऱ्यांत तिरक्या रेघा अगदी सावकाश ओढा. त्या नागमोडी आल्या तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा.

माझा जुना स्क्रीनवाला आता भाचीकडे आहे. ती तो तिरका करत नाही, स्वतः तिरकी बसते. केबल तिनं टेबलाच्या कडेला चिकटपट्टीनं पक्की केली आहे, आणि गेले तीन महिने स्क्रीन काळी झालेली नाही.