डावखुऱ्या हातात १० मीटर एअर रायफल, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

रायफल घेऊन आठ महिने झाले, आता लिहिते. पहिल्या दोन महिन्यांत लिहिलं असतं तर नुसती चिडचिडच उतरली असती आणि त्यात रायफलची काहीच चूक नव्हती.

मी डावखुरी. जेवण सोडून सगळं डाव्या हाताने (जेवायला आजीने उजवा हात लावला तो तसाच राहिला). कॉलेजात एनसीसीत पहिल्यांदा पॉइंट टू टू (.२२ बोअरची रायफल) हातात आली, डाव्या खांद्याला लावली तर लगेच "इकडे नाही, उजवीकडे" असं झालं. तिथे एकच रायफल दहा जणींत फिरायची आणि बोल्ट उजव्या बाजूला, त्यामुळे त्यांचंही बरोबर होतं म्हणा. पण मला उजव्या डोळ्याने नेम धरताच यायचा नाही, डावा डोळा मिटला की सगळं परकं वाटायचं. मग सुटलंच ते. दहा-बारा वर्षांनी पुण्यात कोथरूडहून बालेवाडीच्या शूटिंग रेंजला सकाळी साडेसहाच्या बॅचला जायला लागले तेव्हा शिकवणाऱ्या सरांनी आधी हात बघितलाच नाही, डोळा बघितला. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याला वस्तू फटीत तशीच दिसते तो तुमचा मुख्य डोळा. माझा डावा निघाला. सर म्हणाले, मग डाव्यानेच मारायचं, विषय संपला. त्या दिवशी मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

हे आधी लिहिण्याचं कारण म्हणजे खरेदी इथूनच सुरू होते. माझी भाची पण डावखुरी आहे पण तिचा मुख्य डोळा उजवा, ती उजव्या खांद्यावरून मारते आणि मस्त मारते, तिला डावी रायफल घेतली असती तर पैसे वाया. काही जण हात डावा तर डावीकडूनच मारतात आणि उजव्या डोळ्यापुढे ब्लाइंडर लावतात, तेही नियमात बसतं, पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको एवढंच. मला त्याची गरज पडली नाही.

आता रायफल. जर्मन बनावटीची, पीसीपी म्हणजे हवेच्या सिलेंडरवाली, ४.५ मिलिमीटर, अॅल्युमिनियमचा दस्ता. सेकंड हँड घेतली, बारावीमुळे शूटिंग बंद केलेल्या एका मुलीकडून, आणि ती उजवी. असा अॅल्युमिनियमचा दस्ता दोन्ही हातांना चालतो असं सगळे सांगतात, ते खरं आहे पण अर्धंच. गालाखालची पट्टी दोन स्क्रू सोडून दुसऱ्या बाजूला सरकवता येते, मागची बटप्लेट (खांद्याला टेकते ती) फिरवता येते, माझ्या मॉडेलात कॉकिंगची लिव्हर (प्रत्येक छर्रा भरताना ओढायची ती) पण उजवीकडून काढून डावीकडे बसवता येते, अॅलन की घेऊन अर्ध्या तासाचं काम. ग्रिप मात्र फिरत नाही. ती लाकडाची, हाताच्या आकारात कोरलेली, उजवी ती उजवी आणि डावी ती डावी.

इथे मी फसले. ग्रिपसाठी शहरातल्याच एका दुकानात गेले, नाव नको. ते काका म्हणाले, ताई डावी ग्रिप मागवायला तीन महिने लागतील, ही नवी उजवी मीडियम घेऊन जा, थोडी घासून घ्या, सवय होते. मी विश्वास ठेवला. उजवी ग्रिप डाव्या हातात धरली की काय होतं ते डावखुऱ्या पोरांच्या आईवडिलांनी नीट वाचा. अंगठा टेकायची कड बरोबर तळव्यात रुतते, तळव्यासाठी केलेला फुगवटा बोटांच्या टोकाखाली येतो, त्यामुळे पकड घट्ट करायला मनगट पिरगाळावं लागतं. आणि मनगट पिरगाळलं की तर्जनी ट्रिगरवर सरळ मागे येत नाही, तिरकी येते आणि ट्रिगर बाजूला ढकलते. माझे शॉट आडवे पसरायचे, वरखाली ठीक पण डावी-उजवीकडे नुसते सांडलेले, आणि मी दोन महिने साइटचे (नेम धरायच्या यंत्राचे) क्लिक फिरवत बसले. टेनचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो, तिथे बोट केसभर तिरकं आलं तरी नऊ. शेवटी सरांनी माझा मोबाइल घेऊन मागून हाताचा व्हिडिओ काढला तेव्हा कळलं.

"सवय होते" हे वाक्य मला लहानपणापासून ऐकायला मिळालंय, कात्रीच्या वेळी, कॉलेजातल्या खुर्चीच्या वेळी. कात्रीची झाली सवय. पण साठ शॉट एकसारखे मारायचेत तिथे सवयीने भागत नाही, तिथे हात सैल राहायला हवा. दुकानदाराने डावं-उजवं करू नये, नाही तर नाही म्हणावं, आम्ही थांबतो.

मग डावी ग्रिप मागवली, स्मॉल साइज, १७ हजार लागले, आली अकरा आठवड्यांनी. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा रेंजवर सगळ्यांसमोर डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत. बोटं आपोआप जागेवर गेली. तरी करंगळीखाली थोडी पोकळी होती, ती एम-सीलने भरली आणि आमच्या सोसायटीच्या मागे एक सुतारकाका आहेत त्यांनी कानस आणि पॉलिश पेपरने दोन संध्याकाळी बसून माझ्या हाताप्रमाणे केली. काकांनी आयुष्यात रायफल बघितली नव्हती, पण मला ग्रिप धरून डोळे मिटायला लावायचे, मग बोट कुठे दुखतं विचारायचे आणि तेवढंच घासायचे. पैसे घ्यायला तयार नव्हते, बळेच दिले. पुण्यातली मला मिळालेली सगळ्यात चांगली सर्व्हिस हीच.

लिव्हरबद्दल जास्त लिहिते कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. क्वालिफिकेशनला ६० शॉट आणि ७५ मिनिटं, त्याआधी सायटर्स (नेम जुळवायचे सरावाचे शॉट) वेगळे. म्हणजे कमीत कमी साठ वेळा लिव्हर उघडायची, छर्रा ठेवायचा, बंद करायची. उजवा हातवाला काय करतो, डाव्या हाताने रायफल सांभाळतो आणि मोकळ्या उजव्या हाताने उजवीकडची लिव्हर ओढतो. डावखुऱ्याचा उजवा हात रायफलखाली अडकलेला आणि मोकळा हात डावा, मग लिव्हर उजवीकडेच असेल तर प्रत्येक वेळी हात रायफलवरून पलीकडे न्यायचा, त्यात अंग वळतं, पाय हलतात, आणि पाय हलले की पोझिशन पहिल्यापासून लावा. लिव्हर डावीकडे घेतल्यापासून माझी पावलं मॅचभर हलत नाहीत. चाळिसाव्यानंतरचे शॉट पूर्वी खराब जायचे ते आता जात नाहीत, माझ्या मते अर्ध श्रेय या लिव्हरला. आधी पाचशे सत्तरच्या घरात असायचे, आता पाचशे नव्वदच्या आसपास येते. मोठा स्कोअर नाहीये, मला माहितीये, पण माझा आहे.

न आवडलेली गोष्ट एक, मागच्या साइटचा आडवा क्लिकचा नॉब उजवीकडेच आहे. डाव्या हाताने वरून जाऊन फिरवावा लागतो आणि त्या कोनातून क्लिक कुठल्या दिशेला चाललाय यात गोंधळ होतो. मी नॉबवर नेलपेंटचा ठिपका केलाय. वजन ठीक, नियमाने साडेपाच किलोपर्यंत चालतं, माझी त्याच्या बरीच आत आहे. सिलेंडर एकदा भरला की माझे तीन दिवस जातात. सेकंड हँड घेणाऱ्यांनी सिलेंडरवरची तारीख आधी बघा, दहा वर्षं झाली की मॅचला चालत नाही, मग नव्या सिलेंडरचा खर्च किमतीत धरा. लायसन्सचं म्हणाल तर ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लागत नाही.

जॅकेट तयार घेऊ नका. डाव्या जॅकेटला रबराचा पॅच डाव्या खांद्यावर लागतो आणि सगळा कट उलटा असतो. मैत्रिणीचं उजवं जॅकेट घालून बघितलं तर बट घसरत होती. माप देऊन शिवून घेतलं, फोनवर तीन वेळा "डावं" म्हणून सांगितलं आणि कागदावर लिहून पण दिलं.

रेंजवर एक नंबरची लेन मागा. उजव्या हातवाल्यांचं तोंड उजवीकडे असतं, आपलं डावीकडे, त्यामुळे मधल्या लेनवर उभं राहिलं की डावीकडचा माणूस आणि आपण समोरासमोर, नजरेला नजर, आणि दोघांच्या पेट्या एकमेकांत. एक नंबर डाव्या टोकाला असते, तिथे तोंड भिंतीकडे येतं आणि शांतता मिळते. आमच्याकडे सर माझ्यासाठी ती ठेवतात. स्पर्धेत मिळेलच असं नाही, म्हणून मी आठवड्यातून एकदा मुद्दाम मधल्या लेनवर मारते.

२०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला स्वप्निल कुसाळेला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळालं, तेव्हा आपल्या पुण्यात रेल्वेत नोकरी करणारा आणि बालेवाडीतच घाम गाळलेला, तेव्हापासून मला परत पॉइंट टू टू खुणावतेय. मध्ये एकदा रेंजची पॉइंट टू टू प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, मारून बघितली. बोल्ट उजवीकडे, उजवा हात स्लिंगमध्ये (रायफलच्या पट्ट्यात) बांधलेला, म्हणजे डावा हात ग्रिप सोडून वरून पलीकडे जाणार, आणि रिकामी गरम केस उजव्या बाहीवर. प्रत्येक शॉटला पोझिशन मोडते. अँशुट्झ ही जर्मन कंपनी डाव्या बोल्टची रायफल बनवते, ती हातात घेतल्याशिवाय मी त्या प्रकाराबद्दल मत देणार नाही.

रायफलला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा साइटच्या नॉबचा कापला. आणि ती दुकानातली उजवी मीडियम ग्रिप माझ्याकडे तशीच पडून आहे, एका बाजूला थोडी घासलेली, कोणा उजव्या हातवाल्याला हवी असेल तर निम्म्या किमतीत देते. कोणाकडे डावी मीडियम असेल तर नक्की कळवा, आमच्या बॅचला नववीतला एक डावखुरा मुलगा आलाय आणि तो सध्या उजव्या ग्रिपवर मारतोय.