प्रार्थनेचे नियम शिकायचेत: कित्सूर घ्यावा की मिश्ना बेरूरा?

ज्यू प्रार्थनेचे नियम शिकायला बसलं की पहिल्यांदा दोनच नावं कानावर येतात. एक, उंगवारच्या श्लोमो गान्झफ्रीड यांचा 1864 चा 'कित्सूर शुल्हान आरूख', म्हणजे 'शुल्हान आरूख' या ज्यू नियमांच्या प्रमाण ग्रंथाचा संक्षेप. दुसरा, राडिनच्या इस्राएल मेईर कागान यांचा सहा खंडी 'मिश्ना बेरूरा', त्याच शुल्हान आरूखच्या रोजच्या जीवनाच्या भागावरचं भाष्य.

फरक एका उदाहरणात कळतो. रोश होदेशला, म्हणजे नवा महिना लागतो त्या दिवशी, अमिदा या उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेतला 'याले वेयावो' हा जादा परिच्छेद म्हणायचा राहिला आणि शेवटची तीन पावलं मागे टाकल्यावर, म्हणजे प्रार्थना संपल्यावर, आठवला. कित्सूर चटकन सांगतो: रात्री राहिला असेल तर सोडा, सकाळी राहिला तर अमिदा पुन्हा सुरुवातीपासून. मिश्ना बेरूरात मूळ शुल्हान आरूख वर, त्याखाली भाष्य. पान हळू सरतं, पण रात्र-सकाळ हा भेद का, हे कळतं: जेरुसलेमची न्यायसभा नव्या महिन्याची घोषणा रात्री करत नसे. मूळ चर्चा तालमूद या प्राचीन चर्चाग्रंथाच्या बेराखोत भागात, तिसाव्या पानावर आहे.

उद्या सकाळी सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) हातात घेऊन उभं राहायचं असेल तर कित्सूर. 221 छोटी प्रकरणं, रोज एक वाचलं तरी वर्षाच्या आत संपतो. 'का?' विचारल्याशिवाय चैन न पडणाऱ्याला मात्र तो महिन्याभरात कोरडा वाटेल.

खरी मेख वेगळीच आहे, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही: दोन्ही ग्रंथ अश्कनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या रीतीचे. बेने इस्राएलींची, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंची, प्रार्थना सेफारदी वळणाची, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या रीतीची. तेफिलीन (प्रार्थनेवेळी हाताला-कपाळाला बांधायच्या चामडी पेट्या) बांधताना कित्सूर दोन आशीर्वाद म्हणायला लावतो, सेफारदी एकच म्हणतात. म्हणून ठाण्या-मुंबईत किंवा इस्राएलातल्या लोदमध्ये आजोबांच्या रीतीने प्रार्थना करणाऱ्याला मी या दोन्हींआधी यित्झाक योसेफ यांचा संक्षिप्त 'यल्कूत योसेफ' सुचवेन. निर्णय त्यांचे वडील ओवादिया योसेफ यांचे, मांडणी सुटसुटीत.

रामबाम, म्हणजे मायमोनिदीस, यांचा 'मिश्ने तोरा' हा नियमसंग्रह राहिला. त्याची हिब्रू इतकी स्वच्छ की वाचावीशी वाटते. रोज प्रार्थना करणं ही तोराचीच (मोशेच्या पाच ग्रंथांचीच) आज्ञा, असं तो प्रार्थनेच्या नियमांच्या सुरुवातीलाच ठणकावतो. पण ग्रंथ बाराव्या शतकातला, नंतरचे रिवाज त्यात सापडायचे नाहीत. शबाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, दुपारी निवांत वाचायला छान.

काहीही घेतलंत तरी शेजारी स्वतःचा सिद्दूर उघडा ठेवा आणि नियम वाचला की ती ओळ पेन्सिलीने खुणवा. शबाथला लिहायला मनाई, म्हणून अर्थात पेन्सिल नाही, कागदाची चिठ्ठी घाला.