टू-सॅम्पल-एमआर पॅकेज, सहा महिने वापरून झाल्यावर

ब्रिस्टल युनिव्हर्सिटीवाल्यांचं आर या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोग्रामिंग भाषेतलं पॅकेज, मेंडेलियन रँडमायझेशनसाठी (एमआर), म्हणजे एखाद्या गोष्टीमुळे आजार होतो का ते जीन्सच्या मदतीने तपासायला, फुकट आहे, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आईबाबांकडून जीनचा कुठला व्हेरिएंट (डीएनएमधला छोटा फरक) आपल्या वाट्याला येणार ते गर्भ राहतानाच नशिबाने ठरतं, पुढे आपण सिगारेट ओढतो की जिमला जातो यावरून तो काही बदलत नाही, म्हणून तो औषधाच्या ट्रायलमध्ये कोण कुठल्या गटात ते ठरवणाऱ्या चिठ्ठीसारखा वापरायचा.

पहिल्याच दिवशी चार-पाच ओळींत रिझल्ट आला, एका कमांडला आयव्हीडब्ल्यू, एगर, वेटेड मीडियन अशा हिशेबाच्या पद्धती सगळ्या एकदम, मी तर उड्याच मारल्या. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रोटीन) वाढल्यामुळे हार्टचा आजार होतो का ते बघत होते. गाइड मॅडमनी एसएनपींची, म्हणजे मी वापरलेल्या व्हेरिएंटची, यादी बघून एवढंच विचारलं, अगं हा एपीओई जीनजवळचा इथे काय करतोय? तो सीआरपीशी जोडलेला तसाच एलडीएलशी (वाईट कोलेस्टेरॉल) पण, मग हार्टवर दिसतोय तो परिणाम नक्की कुणाचा?? पॅकेजला काय, पी व्हॅल्यू (संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा दिसण्याची शक्यता) पुरेशी बारीक असली की घेतलं आत, बायोलॉजी बघायची ती आपणच. शेवटी फक्त सीआरपी जीनमधलेच व्हेरिएंट ठेवले तर परिणाम गायब. 2011 च्या बीएमजे या मेडिकल जर्नलमधल्या मोठ्या पेपरात हेच छापून आलेलं होतं, आधी वाचला असता तर दीड महिना वाचला असता माझा.

सेटिंग्ज न बघता चालवू नका. क्लम्पिंगला (सोबत येणाऱ्या एसएनपींपैकी एकच ठेवणं) डिफॉल्ट युरोपियन पॅनल, म्हणजे तुलनेसाठीचा जीन डेटा, असतो, साउथ एशियन डेटा असेल तर एसएएस हा कोड टाकायचा. ओपनजीवास या डेटाबेसमधून पॅकेज डेटा घेतं, त्याचं टोकन (लॉगिनची किल्ली) 14 दिवसांनी संपतं.

एक्स्पोजर (ज्याचा परिणाम तपासायचा ती गोष्ट) म्हणून शिक्षण वगैरे घेणाऱ्यांनी तर फारच जपून, कारण आईबाबांचे जे जीन्स मुलाकडे येतात तेच घरातलं वातावरणही घडवत असतात, तिथे भावंडांचा डेटा असेल तरच हात घाला.

आणि पॅकेज उघडायच्या आधी पुण्याच्या केईएमच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमचा 2014 चा पेपर वाचा, आईचं होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) आणि बाळाचं जन्माचं वजन यावरचा. पुणे आणि म्हैसूरच्या आया, एमटीएचएफआर जीनमधला एकच व्हेरिएंट, पण त्याने होमोसिस्टीन का वाढतं ते एन्झाइमसकट माहीत असलेलं. माझ्या यादीतल्या निम्म्या एसएनपींबद्दल मला एवढं सांगता आलं नसतं.