पर-युनिट की एमव्हीए? पीईचा अभ्यास करणाऱ्यांसाठी

बडोद्यात ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यात असलेली आणि अमेरिकन प्रकल्पांमुळे पीई पॉवर (अमेरिकेतल्या प्रोफेशनल इंजिनिअर परवान्याची वीज विषयाची परीक्षा) द्यायला निघालेली मंडळी भेटली की हा प्रश्न निघतोच: शॉर्ट सर्किटची गणितं पर-युनिटने करायची की एमव्हीए पद्धतीने? दोन्ही तुम्हाला ठाऊक आहेत, तरी एका ओळीत: पर-युनिटमध्ये प्रत्येक यंत्राचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) एकाच ठरवलेल्या बेसच्या, म्हणजे संदर्भ-मूल्याच्या, पटीत मांडायचा; एमव्हीए पद्धतीत प्रत्येक भाग शॉर्ट सर्किटला किती एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) जाऊ देतो ते काढून तेच आकडे जोडायचे. आता सरळ मुद्द्यावर येतो.

पर-युनिटला नावं ठेवायला जीभ धजत नाही. लोड फ्लो, स्टॅबिलिटी, सगळं तिच्यावर उभं आहे. लाइन-टू-ग्राउंड फॉल्टला (एक फेज जमिनीला टेकली की) झीरो सीक्वेन्सचं, म्हणजे जमिनीतून परतणाऱ्या प्रवाहाच्या वाटेचं, नेटवर्क तिच्यातच नीट मांडता येतं. एमव्हीएनेही जमवतात म्हणे लोक, मला त्यात मजा येत नाही.

मला छळलं ते बेस बदलण्याने. एकाच प्रश्नात जनरेटर 25 एमव्हीएचा, ट्रान्सफॉर्मर 10 चा, मोटर 2 ची, आणि प्रत्येकाच्या इम्पीडन्सचा टक्का आपापल्या रेटिंगवर; सगळे एका बेसवर आणायचे. एमव्हीएच्या गुणोत्तरात नवा बेस वर, व्होल्टेजच्या गुणोत्तरात जुना वर, शिवाय त्याचा वर्ग. जुना बेस 13.8 आणि नवा 13.2 केव्ही असला, तर नुसत्या त्या वर्गाने इम्पीडन्स 9 टक्के वाढतो. मकरपुऱ्याची शिफ्ट आटोपून दांडिया बाजारात घरी यायचं, जेवायचं आणि मग वहीत हे वर-खाली करत बसायचं, याचा कंटाळा यायचा.

एमव्हीएमध्ये नेमप्लेट वाचली की काम सुरू. ट्रान्सफॉर्मर 10 एमव्हीए, इम्पीडन्स 8 टक्के: 10 भागिले 0.08, म्हणजे 125. मागे ग्रिडचा फॉल्ट 500 एमव्हीए. कॅसिओचा एफएक्स-991 कॅल्क्युलेटर परीक्षेत चालतो. त्यावर 500 चा व्यस्त, अधिक 125 चा व्यस्त, आणि आलेल्या उत्तराचा पुन्हा व्यस्त. उत्तर 100 एमव्हीए, म्हणजे 13.8 केव्हीला साधारण 4.2 केए (किलोअँपिअर) फॉल्ट प्रवाह. केबल ओहममध्ये दिली असेल तर केव्हीचा वर्ग भागिले ओहम. मोटरचा हातभार समांतर, त्याची सरळ बेरीज. बेस नावाची भानगडच नाही.

एक खोट मात्र आहे. इथे आपण कोन सोडून नुसत्या परिमाणांची बेरीज करतो. केबल लांब आणि रेझिस्टन्स बराच असेल, तर फॉल्ट खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो. प्रत्यक्ष ब्रेकर निवडताना हे अंगाशी येऊ शकतं, पण पर्यायांमधून उत्तर निवडायला बहुधा पुरतं.

80 प्रश्न, आठ तास. म्हणजे एका प्रश्नाला सहा मिनिटं, त्यातच स्क्रीनवरच्या हँडबुकात शोधाशोध. थ्री-फेज फॉल्ट दिसला की मी तरी एमव्हीए उचलतो आणि पर-युनिट ग्राउंड फॉल्टपुरती राखून ठेवतो. अर्थात तुम्ही रोज रिले सेटिंग करत असाल आणि बेस बदलणं हातात बसलं असेल, तर परीक्षेच्या तोंडावर पद्धत बदलू नका.