हातचा शिकवायचा: काड्या घ्याव्या की नोटा?

५२ वजा २७ चं उत्तर पोट्टं ३५ लिहीत असेल, तर चिडू नका. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले. त्याच्या लेखी तो ५ म्हणजे नुसता पाच आहे, पन्नास नाही.

उभी मांडणी करून 'शेजारून एक उसना घे' म्हटलं की उत्तर बरोबर येतं, पण उसना घेतलेला एक दहा कसा झाला, हे त्याला कळत नाही. म्हणून आधी हातात काहीतरी द्यावं.

मी काड्यांच्या बाजूनं आहे. खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडा, नाहीतर नागपूरच्या इतवारी बाजारातून आइसक्रीमच्या काड्यांचं पुडकं आणा. दहा-दहाला रबर लावा. ५२ म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो: चार गठ्ठे, बारा सुट्या. सात गेल्या, दोन गठ्ठे गेले, उरल्या २५. बेरजेत उलटं. ३८ आणि ४७ च्या सुट्या पंधरा होतात. दहा बांधल्या की तोच हातचा.

आपल्या आकड्यांच्या नावांचा घोळही इथे सुटतो. 'त्रेसष्ट' ऐकताना तीन आधी, लिहिताना सहा आधी. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला! गठ्ठे मोजणारं मूल मात्र आपसूक तसंच म्हणतं.

खेळातल्या नोटा स्वस्त आणि सुटसुटीत, पण दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ते मानावे लागतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे जड जातं. तीन अंकी गणितात मात्र काड्या हरतात. पाचशे काड्या मोजणार कोण? ५०३ वजा १६८ करताना शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा सुटे. उरले चार शंभर, नऊ दहा, तेरा सुटे, उत्तर ३३५. मधल्या शून्याचा नऊ कसा होतो, ते नोटांत छान दिसतं. पाच, वीस आणि पन्नासच्या नोटा तेवढ्या आधीच काढून ठेवा.

वहीतली उभी मांडणी काड्या-नोटांसोबतच सुरू करा. गठ्ठा सोडला की लगेच वर ४ आणि १२ लिहायचं.

संत्री मात्र मोजायला घेऊ नका. ती डझनानं आणतो आपण. दहाचा गठ्ठा केला की उरलेली दोन पोट्टे तिथेच सोलतात.